कस्टम कार बिल्डर व्हायचंय? आधी पत्रा हातात घ्या

"दादा, कस्टम कार डिझायनर व्हायचंय, कोर्स कुठला करू?" हा मेसेज दर थोड्या दिवसांनी येतोच, आणि विचारणारा बहुतेक वेळा रील बघून आलेला असतो, गंजलेली फियाट एका मिनिटात चकाचक हॉट रॉड (जुन्या गाडीची बदल करून बनवलेली दणकट, वेगवान गाडी) झालेली बघून. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी पुणे-पिंपरी पट्ट्यात काम करतो, त्यामुळे बाजार, कॉलेजं, आरटीओ सगळं महाराष्ट्रातलं असेल, बाकीच्यांनी आपापल्या गावाप्रमाणे समजून घ्या.

पायरी १: नक्की कोण व्हायचंय ते ठरवा

हे एक काम नाहीच मुळात. एका कस्टम गाडीवर चित्र काढणारा डिझायनर असतो, पत्रा ठोकणारा डेंटर असतो, चासी आणि पाइपची कामं करणारा फॅब्रिकेटर, फायबरचे पार्ट काढणारा, पेंटर, वायरमन, कुशनवाला, लेथवाला, आणि हे सगळे वेळेवर यावेत म्हणून दिवसभर फोन करत बसणारा मालक. तुम्हाला यातलं एक तरी काम स्वतःच्या हाताने उत्तम यायला पाहिजे आणि बाकीच्यांचं काम बघून चूक सांगता आली पाहिजे, एवढं जमलं तर तुम्ही बिल्डर.

या लाइनीतलं जगातलं मोठं नाव म्हणजे चिप फूस. कॅलिफोर्नियातला माणूस, वडील सॅम फूस यांचं स्वतःचं कस्टम गाड्यांचं वर्कशॉप, आणि हा सातव्या वर्षापासून तिथे हाताखाली. पुढे पसाडेनाच्या आर्ट सेंटर कॉलेजला डिझाइन शिकायला गेला, दोन वर्षांत पैशाअभावी सोडावं लागलं, मग काम करून परत गेला आणि १९९० ला डिग्री घेतली. त्यानंतर बॉइड कॉडिंग्टन या नामांकित अमेरिकन हॉट रॉड बिल्डरच्या शॉपमध्ये नोकरी आणि १९९८ ला स्वतःचं दुकान. लोक त्याची स्केचेस बघून म्हणतात देवाची देणगी आहे, असेलही, पण मला विचाराल तर ज्या माणसाने लहानपणापासून पत्रा वाकवलाय तो न वाकणारी रेघ कागदावर काढतच नाही, खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडे उलटं होतं, पोरं सॉफ्टवेअरमध्ये जबरदस्त गाडी रेंडर करतात आणि डेंटरकडे नेली की तो फक्त बघतो आणि चहा मागवतो.

पायरी २: कायदा आधी वाचा, ग्राइंडर नंतर घ्या

हा भाग बोअर आहे हे मान्य, पण हा सोडून पुढे गेलात तर धंदा एका तक्रारीत बंद पडेल.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. सोप्या भाषेत, कंपनीने मुळात दिलेलं स्पेसिफिकेशन आणि आरसीवरची माहिती यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. अपवाद आहेत, म्हणजे मान्यताप्राप्त सीएनजी किट किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी केलेले बदल, पण ते रीतसर मार्गाने आणि आरसीवर चढवून. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि आता तुमच्या कामाचं ऐका, त्याच कलमात उत्पादक, आयातदार आणि डीलर यांच्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे १ लाख रुपये दंड आहे, आणि कायद्यातल्या "डीलर" च्या व्याख्येत चासीवर बॉडी बांधणारा आणि गाडी दुरुस्त करणारा पण येतो. म्हणजे "कस्टमरने सांगितलं म्हणून केलं" हे उत्तर चालेलच असं नाही.

काही बारीक गोष्टी लगेच लक्षात ठेवा. रंग आरसीवर लिहिलेला असतो, त्यामुळे रंग बदलला की नोंद करून घ्या. मिलिटरीचा ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला मारता येत नाही, जीपवाले हा हट्ट हमखास करतात. काचेतून उजेड पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के गेला पाहिजे. पुढचे बुलबार, म्हणजे बंपरपुढचे लोखंडी गार्ड, केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच बेकायदा ठरवलेत, तरी अजून दुकानात लटकलेले दिसतात. इंजिन बदललं तर आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो, मग आधी आरटीओ, नंतर स्पॅनर. आणि इन्शुरन्सवाल्यांना बदल कळवला नसेल तर क्लेमच्या वेळी ते काय करतील हे सांगायची गरज नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात का? (यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तेच.) त्यांनी भंगारातले पार्ट जमवून साठेक हजारात छोटी जीप बनवली, चक्क किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये व्हिडिओ व्हायरल झाला, आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात हेही लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या थांबवतील, म्हणून तिच्या बदल्यात बोलेरो देतो. पुढच्या महिन्यात बोलेरो मिळाली पण. त्या माणसाच्या हाताला शंभर मार्क, पण शून्यातून बनवलेल्या गाडीला पासिंग मिळणं ही आपल्याकडे जवळपास अशक्य गोष्ट आहे. पासिंगसाठी टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलची अधिकृत मंजुरी) लागतं, टेस्ट एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत होतात, पुण्यात वेताळ टेकडीवर जी आहे तीच, आणि तो खर्च गाड्यांचे लॉट काढणाऱ्या कंपनीला परवडतो, एकट्यादुकट्याला नाही.

पायरी ३: मग पोट कशावर भरणार?

एवढं वाचून निम्मे लोक गेले असतील, बरंच झालं. कायद्यात बसणारं किंवा कायद्याचा रस्ता ठरलेला आहे असं काम बक्कळ आहे, फक्त ते रीलमध्ये दिसत नाही.

सगळ्यात चांगली सुरुवात म्हणजे रिस्टोरेशन. प्रीमियर पद्मिनी, जुनी फियाट, अॅम्बेसेडर, विलीज जीप. गाडी मूळ रूपात आणायची असते त्यामुळे आरसीशी भांडण नाही, आणि पत्रा, वायरिंग, पेंट, क्रोम, कुशन सगळं शिकून होतं. ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेजची वेगळी नोंदणी आणली, नंबरात व्हीए येतं, नवीन नोंदणीची फी २०,००० आणि पुन्हा नोंदणीची ५,०००. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. इथे हॉट रॉडचं डोकं बाजूला ठेवा, मूळ दिव्याच्या जागी एलईडी लावलात की व्हिंटेजवाले मंडळी तुमचं नाव कायमचं खोडतात.

दुसरं मोठं काम आतल्या बाजूचं. लाउंज व्हॅन, आमदार-बिल्डर लोकांच्या मोठ्या गाड्या, मुंबईत शूटिंगच्या व्हॅनिटी. सीट, लाकूडकाम, एसी, लाइट, साउंड, पडदे, फ्रिज. पैसा याच कामात सगळ्यात जास्त आहे असं माझं मत, कारण मालक दिवसभर आत बसतो, बाहेरून गाडी बघतो ते दोन मिनिटं. पण इथेही सीटची संख्या बदलली की आरसीचा विषय येतो, सीट उचकटायच्या आधी कागद काढून बघा. कॅरॅव्हॅन (आत राहायची सोय असलेली गाडी) बनवायची असेल तर एआयएस-१२४ वाचा (एआयएस म्हणजे गाड्यांसाठीची तांत्रिक मानकं), बस बॉडी असेल तर एआयएस-०५२. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून चौकशी बरीच वाढली आहे, पण चौकशी करणाऱ्यातले बरेच जण टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये गॅस शेगडी ठेवली की कॅरॅव्हॅन झाली असं समजतात.

ईव्ही कन्व्हर्जनसाठी, म्हणजे जुनी गाडी इलेक्ट्रिक करण्यासाठी, एआयएस-१२३ आहे, किट मान्यताप्राप्त पाहिजे आणि बसवणारा पण अधिकृत. घरी बॅटरी पॅक जोडून बसवायचा विषय नाही हा, डोक्यातून काढून टाका.

मग रस्त्यावर न धावणाऱ्या गाड्या, म्हणजे ऑफरोड स्पर्धेच्या जीपा, ट्रॅकवरच्या गाड्या, शोरूममधली डिस्प्ले, जाहिरात आणि सिनेमाच्या प्रॉप गाड्या. इथे कल्पनाशक्तीला खरी मोकळीक आहे. हैदराबादला सुधाकर यांचं आख्खं म्युझियम आहे, बॅट, बूट, बर्गर अशा आकाराच्या गाड्यांचं, वेडा छंद म्हणा पण लोक तिकीट काढून बघतात. आणि निवडणूक आली की प्रचाररथ! हसू नका, एलईडी स्क्रीन, स्टेज, जनरेटर, जिना, सगळं पंधरा दिवसांत द्यायचं असतं आणि वेळेवर काम संपवायची सवय लावायला यापेक्षा चांगली शाळा नाही. फक्त परवानग्या पक्षाच्या माणसाकडून लेखी घ्या आणि पैसे रथ बाहेर पडायच्या आधी, निकालानंतर फोन उचलला जात नाही.

पायरी ४: शिकायचं कुठे

दोन रस्ते आहेत. डिझाइनचा रस्ता पकडायचा तर एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) ट्रान्सपोर्टेशन अँड ऑटोमोबाइल डिझाइनचं एमडेस (डिझाइनची मास्टर्स) आहे गांधीनगरला, आयआयटी मुंबईच्या डिझाइन स्कूलमध्ये, म्हणजे आयडीसीत, मोबिलिटी अँड व्हेइकल डिझाइन आहे. आयडीसीला सीड परीक्षा, एनआयडीची स्वतःची डॅट. बारावीनंतर थेट डिझाइन करायचं तर यूसीड. पुण्यात लोणी काळभोरला एमआयटीत पण हा विषय शिकवतात. फी आणि वर्षं दोन्हीचा हिशोब घरच्यांसोबत बसून करा, कारण इथून बाहेर पडणारे बहुतेक जण मोठ्या कंपनीच्या स्टुडिओत जातात, गॅरेज टाकत नाहीत, आणि लोन डोक्यावर असताना गॅरेज टाकूही नये.

दुसरा रस्ता आयटीआय. या रस्त्याला लोक उगाच नाक मुरडतात. वेल्डर, शीट मेटल वर्कर, ऑटो बॉडी रिपेअर, ऑटो बॉडी पेंटिंग, फिटर, मोटर मेकॅनिक असे ट्रेड आहेत, काही एक वर्षाचे काही दोन. माझ्या माहितीतले हाताने उत्तम असलेले बहुतेक लोक आयटीआय करून एखाद्या खडूस डेंटरकडे राबलेले आहेत. सध्या इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या बाहा किंवा फॉर्म्युलाच्या (विद्यार्थ्यांनी गाडी बनवायच्या स्पर्धा) टीममध्ये घुसा, काहीही करून घुसा. बाहामध्ये छोट्या इंजिनावर आख्खी ऑफरोड गाडी पोरंच बनवतात, पाइप वाकवणं, नॉचिंग (सांध्यासाठी पाइपाला खाच कापणं), वेल्डिंग, सस्पेन्शनची भूमिती, वजनावरून भांडणं, स्पॉन्सरसमोर गयावया करणं, सगळं एका वर्षात होतं. सीजीपीए थोडा पडेल, पडू दे.

काहीच जमत नसेल तर जवळचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. पहिले काही महिने पॉलिश पेपरच घासायला देतील. घासा.

पायरी ५: हात तयार करा

इथे जरा निवांत लिहितो कारण सगळा खेळ इथेच आहे.

एक साधं काम घ्या, दरवाज्याच्या खालच्या कडेला सडलेला पत्रा काढून नवीन तुकडा बसवायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कापा आणि वेल्ड मारा. पहिलं, सडलेला भाग जिथे दिसतो तिथे तो संपत नाही, टोच्याने टोचत जा आणि चांगला वाजणारा पत्रा लागेपर्यंत रंग काढा. तिथून पुढे सरळ रेषेत कापा, कोपरे गोल ठेवा. आधी पुठ्ठ्याचा साचा काढायचा, मग सीआरसी (कोल्ड रोल्ड स्टीलच्या) पत्र्यावर उतरवायचा, शक्यतो मूळच्याच जाडीचा पत्रा, गाड्यांना साधारण पाऊण ते एक मिलिमीटर असतो. नवीन तुकडा आणि जुना पत्रा यांच्यात पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवा आणि मिगने (वायर वेल्डिंगच्या मशीनने) फक्त टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्ड, मारा, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये, सलग ओढायचं नाही. प्रत्येक टॅक हाताला गार लागला की पुढचा. घाईत सलग वेल्ड ओढलात की पत्रा पापडासारखा फुगतो आणि मग तो बसवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात दुसरा दरवाजा झाला असता. वेल्ड गार होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो, म्हणून मागे डॉली (आधाराचा लोखंडी ठोकळा) धरून वेल्डवर हलक्या हाताने हातोडी चालवायची, तो परत पसरतो. मग ग्राइंडर, तोही बेताने, वेल्डसोबत पत्रा खाऊ नका. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवा. हात अडखळला तर पॅनल झालेला नाही. तळहातावर पातळ कापड घेऊन फिरवलं तर अजून नीट कळतं, जुने डेंटर असंच करतात.

हे आल्यावर मग इंग्लिश व्हील, शॉट बॅग, बीड रोलर वगैरे पत्र्याला आकार द्यायची हत्यारं. पत्रा कुठे ताणायचा आणि कुठे आकसवायचा या दोनच गोष्टींतून सगळे आकार निघतात. आणि लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी! आपल्याकडे पत्रा नीट न बसवता वर लांबी थापायची जी पद्धत आहे ती तोडा. लांबी एखाद-दोन मिलिमीटरपर्यंत ठीक, जाड थर उन्हाळ्यात आणि खड्ड्यात तडकतो. कुठली जुनी गाडी घेताना साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून पॅनलवरून फिरवा, जिथे पकडत नाही तिथे आधीच्या कलाकाराची कला आहे.

फायबरचं काम वेगळं शिकून घ्या कारण स्पॉयलर, बंपर, डॅशबोर्डचे तुकडे यातच निघतात. पॅटर्न थर्मोकोलचा करून त्यावर थेट पॉलिएस्टर रेझिन ओतू नका, रेझिनमधल्या स्टायरीनने थर्मोकोल विरघळून जातो, पीयू फोम वापरा किंवा वर पीओपीचा थर द्या. साच्याला वॅक्स आणि पीव्हीए (पार्ट चिकटू नये म्हणून द्यायचा थर) नीट लावा नाहीतर पार्ट आणि साचा दोन्ही छिन्नीने फोडायची वेळ येते. आणि हे ठळक अक्षरात समजा: कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि हार्डनर हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग दुसरं. नवीन पोराच्या हातात दोन्ही बाटल्या एकदम देऊ नका.

पेंटचं सांगायचं तर रंग मारणं हा सगळ्यात छोटा भाग आहे, त्याआधीची घासाई मोठी. प्रायमर, सरफेसर, त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून लाकडी गुटक्यावर पेपर लावून घासायचं, खड्डा असेल तिथे काळं राहतं, उंचवटा असेल तिथे लगेच पत्रा दिसतो. हाताने पेपर धरून घासलात तर बोटांच्या नाल्या पडतात आणि त्या क्लिअर कोट मारल्यावर उन्हात दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो. पावसाळ्यात उघड्यावर पेंट घेऊच नका, हवेतल्या दमटपणाने चमक जाते. पीयू पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फडकं तोंडाला बांधून मारणारे पेंटर चाळिशीत दम्याने धापा टाकताना बघितलेत. एअर सप्लायचा मास्क घ्या, निदान योग्य कार्ट्रिजवाला तरी. मोबाइल घ्यायला पैसे असतात, मास्कला नसतात, हे काय गणित आहे मला कळत नाही.

वायरिंगबद्दल एवढंच की नवीन गाडीत मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापायचा नाही, वेगळी रिले-फ्यूजची लाइन टाकायची. वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी काढायची, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) उडाला तर तुमच्या मजुरीपेक्षा महाग पडतो. एअरबॅग असलेल्या भागात हात घालायच्या आधी कंपनीचं मॅन्युअल.

पायरी ६: डोळा तयार करा

रोज एक गाडी बाजूने काढा. सॉफ्टवेअर नको, वही आणि बॉलपेन. सुरुवात चाकापासून करा, चाकाचा व्यास हीच मोजपट्टी, सेडान असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये साधारण तीन चाकं बसतात, प्रत्यक्ष गाड्यांवर मोजून बघा, कुठली गाडी देखणी का दिसते आणि कुठली ओढूनताणून छोटी केलेली का वाटते ते आपोआप कळायला लागेल. दुसरा अभ्यास, पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. ती रेघ दरवाज्यावरून फेंडरवर जाताना तुटते का, मोडते का, की सरळ वाहत जाते. चांगल्या गाडीत ती रेघ सांभाळायला माणसं महिनोन्महिने घालवतात.

कस्टम काम करताना मोठ्या कागदावर किंवा थेट भिंतीवर काळ्या टेपने गाडीची पूर्ण मापाची बाजू काढा. टेपची रेघ आवडली नाही की उचलायची आणि परत लावायची, पत्रा परत लावता येत नाही. आकार फिरवायचा असेल तर क्ले. गाड्या क्लेमध्ये घडवायची पद्धत मोठ्या कंपन्यांत रुजवली ती हार्ली अर्लने, आणि हा अर्ल जनरल मोटर्समध्ये १९२७ ला स्टुडिओ उभा करण्याआधी लॉस एंजेलिसमध्ये वडिलांनी सुरू केलेल्या वर्कशॉपमध्ये सिनेमावाल्यांसाठी कस्टम बॉड्याच बनवत होता. म्हणजे कार डिझाइन नावाचा व्यवसायच मुळात आपल्यासारख्याच वर्कशॉपमधून वर गेलाय, त्यामुळे स्टुडिओवाल्यांसमोर बुजायचं कारण नाही.

पायरी ७: पहिली गाडी

पहिली गाडी स्वतःची असावी, स्वस्त असावी आणि कागद स्वच्छ असावेत. आरसी नावावर नाही, बँकेचा बोजा उतरवलेला नाही, चासी नंबर घासलेला आहे, अशी गाडी फुकट मिळाली तरी नको. मारुती ८०० किंवा जुनी जीप बरी, पार्ट मिळतात आणि आत हात जातो. पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, जुन्या-पान्या वस्तूंना बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत ऑपेरा हाउसकडची दुकानं आणि कुर्ल्याचं भंगार. भंगारातून इंजिन-गिअरबॉक्स घेताना बिल मागा, चोरीचा माल निघाला तर पोलीस तुमच्याकडेच येतात. लेझर कटिंग, सीएनसी बेंडिंग, पावडर कोटिंग ही कामं भोसरी-चाकणला सुट्या नगावर करून मिळतात, त्याची मशीन घेत बसू नका. ओतीव पार्ट लागला तर कोल्हापूर, शिरोलीला फाउंड्रीवाले मिळतील, फक्त एका नगासाठी त्यांना पटवायला गोड बोलता आलं पाहिजे.

हत्यारं सुरुवातीला थोडीच घ्या: चार इंची ग्राइंडर, चांगला मिग, कॉम्प्रेसर, हातोडी-डॉलीचा सेट, जॅक आणि स्टँड. जॅकवर उभ्या गाडीखाली स्टँड न लावता कुणी गेलं तर त्याला त्या दिवशी घरी पाठवा, माझ्याकडे हाच नियम आहे.

आणि प्लॅन छोटा ठेवा. पत्रा, रंग, आतलं काम, एवढं पूर्ण करा आणि गाडी चालवा. शहराबाहेरच्या कुठल्याही शेडमध्ये डोकावून बघा, ताडपत्रीखाली अर्धवट प्रोजेक्ट पडलेले असतात, प्रत्येकाचा मालक सुरुवातीला इंजिन स्वॅप आणि एअर सस्पेन्शनबद्दल बोलत होता. कस्टमर तुमची स्केच बघून अॅडव्हान्स देत नाही, तुम्ही पूर्ण केलेली आणि चालणारी एक गाडी बघून देतो. रस्त्यावरच्या गाडीत शोसाठी रोलकेज (आतून पाइपांचा पिंजरा) टाकायचा मोह होईल, टाकू नका, हेल्मेट नसताना अपघातात डोकं त्याच पाइपवर आपटतं.

प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, विशेषतः आतला सडलेला पत्रा आणि लांबी भरायच्या आधीचा पॅनल. चमकणारे फोटो सगळ्यांकडे असतात, उघडा पत्रा दाखवायची हिंमत थोड्यांकडे, आणि जाणकार कस्टमर तोच फोटो मागतो.

पायरी ८: पैसे, कागद, कस्टमर

शॉप ॲक्ट, उद्यम नोंदणी, करंट अकाउंट हे पहिल्या दिवशी करा. सर्व्हिसची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी. यात विशेष काही नाही, सीए सांगेल.

अंदाजपत्रकात गंमत होते. जुनी गाडी उघडल्याशिवाय आत काय निघेल कुणालाच कळत नाही, त्यामुळे उक्ता रेट कधीच सांगू नका. पहिलं बिल फक्त उघडून बघण्याचं, त्याचे पैसे वेगळे. मग काम टप्प्यांत तोडा, पत्रा, यांत्रिक, रंग, आतलं काम, आणि प्रत्येक टप्प्याचे पैसे तो टप्पा सुरू व्हायच्या आधी. कस्टमर मधेच म्हणेल "अरे ते पण करून टाक ना यातच", तेव्हा हसून व्हॉट्सॲपवर वेगळा रेट पाठवा आणि त्याचं "ओके" आल्याशिवाय हात लावू नका. ओळखीचा असेल तर दुप्पट काळजी घ्या, सगळ्यात जास्त उधारी भाऊ, मित्र आणि भाऊच्या मित्राकडेच अडकते. जो बदल कायद्यात बसत नाही त्याला पहिल्याच भेटीत नाही म्हणा, "बघू नंतर" म्हणालात तर तो माणूस दुसरीकडून चाकं आणि सायलेन्सर आणून तुमच्याच दारात उभा राहतो.

डिलिव्हरी अंधार पडल्यावर देऊ नका, दुपारी उन्हात द्या, सगळे पॅनल कस्टमरसोबत फिरून बघा, काय काय बदललं त्याची यादी दोघांच्या सहीने आणि जुने काढलेले पार्ट पोत्यात भरून त्याच्या ताब्यात. आणि पाचशे किलोमीटर झाले की गाडी परत बोलवा. चाकांचे नट, सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा टॉर्कला लावायचे (ठरलेल्या जोराने आवळायचे), दरवाजे खाली बसले असतील तर बिजागऱ्या सेट करायच्या, ऑइल कुठे झिरपतंय का बघायचं, एक पूर्ण दिवस जातो. हा दिवस मूळ कोटेशनमध्येच वेगळी ओळ टाकून धरा, फुकट म्हणून सांगितलंत तर पुढची दोन वर्षं दर रविवारी तो वायपरचा आवाज दाखवायला येत राहील.